दोघी विहिणी दमणला

चुनीलालभाईंची ती गाडी गल्लीत शिरेना, म्हणून प्रकाशा गावच्या बसस्टँडजवळच उभी करावी लागली. तापीबाई पिशव्या घेऊन तिथे पोहोचली तोवर निम्मं गाव गाडीभोवती जमलं होतं. बाहेरून पाहिलं तर जुनीच बस, नवा पिवळा रंग दिलेली. पण आत पलंग होते, ओटा होता, शेगडी, बेसिन, एवढंसं बाथरूमसुद्धा. पोरं खिडक्यांतून डोकावत होती आणि म्हातारे चाकांना हात लावून पाहत होते.

चुनीलालभाई म्हणजे तापीबाईचे व्याही, नवापूरचे पोल्ट्रीवाले. धंदा मुलाच्या, हेमकांतच्या हाती दिल्यावर त्यांनी ही बस विकत घेतली आणि सुरतेच्या कारागिराकडून तिचं घर करून घेतलं. हेमकांतची बायको मयूरी ही तापीबाईची एकुलती एक लेक. संक्रांत होऊन गेली होती, हवा अजून गार होती, आणि सगळ्यांनी मिळून दमणला जायचं ठरलं होतं. तापीबाईचे यजमान हेमराज यांची केळी कापणीला आली होती, त्यामुळे ते येणार नव्हते. माणसं दमणला कशासाठी जातात ते सगळ्या खानदेशाला ठाऊक आहे, तुम्ही निदान समुद्र तरी बघून या, असं म्हणून त्यांनी बायकोला निरोप दिला होता.

आमंत्रण आलं तेव्हा तापीबाईला वाटलं होतं, लेकीने आठवण ठेवली. पण मयूरीनेच फोनवर सांगून टाकलं की मम्मी म्हणाल्या, तुझ्या आईला घेतल्याशिवाय निघायचं नाही. मम्मी म्हणजे सासू, फुलवंताबाई. आपल्या आईला मयूरी माय म्हणायची. ते ऐकलं आणि आमंत्रणातली निम्मी गोडी गेली.

आता फुलवंताबाई विहिणीला सामोऱ्या जायला गाडीतून उतरत होत्या आणि मयूरीने त्यांच्या कोपराखाली हात धरला होता. "सावकाश मम्मी, ही पायरी उंच आहे." फुलवंताबाई चांगल्या धडधाकट होत्या. त्यांनी तापीबाईला मिठी मारली, ताई, तुम्ही आलात म्हणून मजा येईल म्हणाल्या. मग त्या दोघी बोलत बोलत पुन्हा वर चढल्या, आणि तीच उंच पायरी तापीबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एकटी चढली.

मयूरीच्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष तापीबाईला नीट आठवत होतं. तेव्हा मयूरी फोन करून रडायची. सासू असं म्हणाली, सासूने तसं केलं. तापीबाई तिची समजूत घालायची, नांदावं लागतं म्हणायची. फोन ठेवल्यावर तिला वाईट वाटायचं, पण त्या वाईटाच्या तळाशी थोडं बरंही वाटायचं, की पोरीला अजून आपणच लागतो. पुढे ते रडणं थांबलं. मग फोनही आखूड झाले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या लेकी आठ-आठ दिवस माहेरी येऊन राहतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. गेल्या आखाजीला मयूरी आली आणि लगेच परत गेली. मम्मींना एकटं जड जातं, म्हणाली. तापीबाईने तेव्हा शेजारच्या दगूबाईला सांगितलं होतं की त्या बाईने माझ्या पोरीवर काहीतरी करणी केली आहे. दगूबाई हसली होती, पण तापीबाई सगळंच काही गमतीने बोलली नव्हती.

नवापूर ओलांडल्यावर, सोनगडच्या अलीकडे, चुनीलालभाईंनी एका झाडाखाली गाडी थांबवली. चहा करायचा होता. ओटा एवढासा की दोघी उभ्या राहिल्या की तिसरीला जागा नाही. फुलवंताबाईंनी पातेलं पुढे केलं की मयूरीच्या हातात दूध तयार असायचं. एक वाकली की दुसरी न बघताच डोकं बाजूला घ्यायची. तापीबाई मदतीला उठली तेव्हा मयूरी म्हणाली, "बस ना माय. तू पाहुणी आहेस."

चहा गाळून झाला. मयूरीने सासूच्या कपात न विचारता अर्धा चमचा साखर टाकली. मग ती वळली. "माय, तुला साखर किती?"

लग्न होईपर्यंत रोज सकाळी तापीबाई या पोरीच्याच हातचा चहा प्यायली होती. "टाक कितीबी," ती म्हणाली.

मग तिने डबा उघडला. पहाटे उठून, खापर तापवून तिने पुरणाचे मांडे केले होते. लहानपणी मयूरीसाठी मांडे लपवून ठेवावे लागायचे. आता मयूरीने अर्धा मोडून घेतला, सकाळी गोड नको वाटतं हल्ली, म्हणाली, आणि उरलेला हेमकांतला नेऊन दिला. फुलवंताबाईंनी मात्र तूप मागून घेऊन दोन मांडे खाल्ले. आमच्याकडे हे कुणाला जमत नाही, मला शिकवा, ताई, म्हणाल्या. त्या मनापासून बोलत होत्या हे तापीबाईला दिसत होतं, आणि त्यामुळे तिला जास्तच राग आला. तिने ते दुसऱ्याच तोंडासाठी केले होते.

व्यारा गेलं, बारडोली गेली. पुढचा सगळा रस्ता तापीबाई खिडकीशी बसून होती. मागे सासू-सून गप्पा मारत होत्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत. मयूरीच्या तोंडची अहिराणी पार गेली होती. आईशी बोलतानाही ती आता शाळेतल्यासारखं बोलायची. मध्येच दोघी एकदम हसायच्या. तापीबाईने एकदा वळून विचारलं, काय झालं. मयूरी म्हणाली, काही नाही गं, आमच्याकडची एक गंमत आहे, तुला नाही कळायची.

वापी सोडून ते दमणला पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. जांपोरच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं होती, तिथे गाडी लावली. तापीबाई समुद्र बघायला पुढे गेली, तर समुद्र जागेवरच नव्हता. लांबवर नुसती काळी ओली वाळू आणि चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या. ओहोटी आहे, हेमकांतने समजावलं, येईल पाणी. आणि आलंच. अंधार पडायच्या आत पाणी बिनआवाजाचं सरकत सरकत पार झाडांच्या जवळ आलं. तापीबाईने आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. तापीला पूर येतो तेव्हाही पलीकडचा काठ दिसतो. तिने हे सांगायला मागे पाहिलं. मयूरी सासूचा फोटो काढत होती.

झोपायची वेळ आली तेव्हा पुरुषांनी बाहेर तंबू ठोकला. गाडीत मागे एक मोठा पलंग होता, दोघींना पुरेल असा. तापीबाई धरून चालली होती की तिथे आपण आणि मयूरी. पण मयूरीने दोन्ही म्हाताऱ्यांची सोय बघितली. मोठा पलंग तिने विहिणींना दिला आणि स्वतः वरच्या फळीवर चढली. तापीबाई विहिणीकडे पाठ करून झोपली. मध्ये एकदा फुलवंताबाईंनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. तापीबाई जागी होती, पण हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ते मोटी दमणचा किल्ला बघायला गेले. गाडी वेशीतून आत जाणार नाही म्हणून बाहेर ठेवली आणि पायी निघाले. पोर्तुगीजांनी बांधलेल्या त्या तटाच्या आत अजून माणसं राहत होती, कचेऱ्या चालत होत्या, जुन्या झाडांखाली स्कूटर लावलेल्या होत्या. एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लाकडावर सोन्याच्या रंगाची अशी काही कोरीव वेल होती की तापीबाई बराच वेळ मान वर करून उभी राहिली. तिच्या वडिलांच्या घरी सुतारकाम चालायचं ते तिला आठवलं. लहानपणी मयूरी तिथल्या भुशात लोळायची. हे तिला मयूरीला सांगायचं होतं. मयूरी मागच्या बाकावर बसली होती, फुलवंताबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून, डोळे मिटून. फुलवंताबाई तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या. दोघींपैकी कुणीच बोलत नव्हतं. तापीबाई तशीच बाहेर आली.

तटावर एक बाई शहाळी विकत होती. तिने फुलवंताबाईंकडे बघून मयूरीला गुजरातीत विचारलं, ही तुझी मम्मी ना, अगदी तुझ्यासारखी दिसते. मयूरी हसली आणि दोघींकडे बोट करून म्हणाली की दोघीही माझ्या मम्मी आहेत. हेमकांत हसला, चुनीलालभाई हसले. फुलवंताबाईंनी तापीबाईचा हात हातात घेतला. तापीबाईनेही हसून दाखवलं. पण जन्म दिलेल्या बाईला वाटणीत निम्मंच मिळालं, आणि तेही एका शहाळेवालीच्या समोर, हे तिच्या मनातून दिवसभर गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडीतलं पाणी संपत आलं. चुनीलालभाई आणि हेमकांत कॅन घेऊन पाणी बघायला निघाले. बाजारातून थोडं सामान आणायचं म्हणून मयूरीही गेली. दोघी विहिणी सुरूच्या सावलीत सतरंजी टाकून मेथी निवडत बसल्या.

फुलवंताबाई बोलायला लागल्या, आणि अर्थातच मयूरीबद्दल. तिला सर्दी व्हायची असली की ती आदल्या दिवशी चिडचिड करते. तिला भूक लागली की डोकं दुखतं, पण भूक लागली असं ती कधी म्हणत नाही, आपणच ओळखावं लागतं. रागावली की ती भांडी घासायला घेते, घासलेली असली तरी. तापीबाई ऐकत होती. यातलं काही तिला माहीत होतं, काही नव्हतं. पण जे माहीत होतं तेही त्या बाईच्या तोंडून ऐकताना असं वाटत होतं, की आपल्या पेटीतले दागिने दुसऱ्या कुणी अंगावर घालून आपल्यालाच दाखवते आहे.

तेव्हा ती ते बोलली. आधीपासून काही ठरवलं नव्हतं, पण तोंडाशी आलं ते तिने अडवलंही नाही.

"बरं झालं बाई," ती गोड आवाजात म्हणाली. "आता पोर सुखात शे. पहिल्या वर्षी फोनवर किती रडायची. म्हणायची, सासू डब्यातलं तूपबी मोजते. म्हणायची, माय, माले इथून घेऊन जा."

बोलून झाल्यावर तिने मान वर केली नाही. मेथीची पानं खुडत राहिली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. आता या बाईला कळेल, पोर आधी कुणाची होती ते.

फुलवंताबाईंनी एक काडी बाजूला टाकली. मग त्या हसल्या, जराशा लाजल्यासारख्या.

"मोजायचे खरी," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूने मोजलं, म्हणून मीही मोजलं. मला तरी कुठे अक्कल होती. सगळं सांगितलं तिने मला, तूप, चाव्या, सगळं. दवाखान्यात आम्ही दोघीच होतो ना, तेव्हा. दोघी रडलो आणि मोकळ्या झालो."

"कोनता दवाखाना?" तापीबाईने विचारलं.

फुलवंताबाईंचे हात थांबले. त्यांनी तापीबाईकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "ती म्हणाली होती, मायला मीच सांगेन."

मग त्यांना सांगावंच लागलं. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मयूरीला तिसरा महिना होता. एका सकाळी पोटात दुखायला लागलं. हेमकांत गावाला गेला होता, म्हणून चुनीलालभाईंनी व्याऱ्याच्या दवाखान्यात नेलं. काही उपयोग झाला नाही. फुलवंताबाई तिच्याजवळ राहिल्या. घरी आल्यावर महिनाभर त्यांनी तिला कामाला हात लावू दिला नाही. अजूनही कधी कधी ती एकदम गप्प होते, मग तिला फक्त जवळ बसलेलं माणूस लागतं, बोलणारं नको असतं. काल त्या चर्चमध्ये तशीच झाली होती.

तापीबाई उठली. मांडीवरची मेथी सतरंजीवर सांडली. फुलवंताबाई काहीतरी म्हणत होत्या, ते न ऐकता ती किनाऱ्याने चालायला लागली.

श्रावण. त्या श्रावणात मयूरी राखीलाही आली नव्हती, चुलतभावांना राख्या पोस्टाने पाठवल्या होत्या. मम्मींना ताप आहे, म्हणाली होती. त्या तापावरून तापीबाईने अख्ख्या गल्लीत फुलवंताबाईंच्या नावाने बोटं मोडली होती. आणि त्याच्या आधी, त्याच्या नंतर, प्रत्येक फोनवर तिने मयूरीला विचारलं होतं, काही शे का? अजून काहीच नाही? शहाद्याच्या बाजूचा एक भगत तिने शोधून काढला होता, त्याचा धागा गेल्या आखाजीला मयूरीच्या हातात बांधायला घेतला होता. दुसऱ्या दिवशीच मयूरी परत गेली होती.

पाणी अजून लांब होतं. तापीबाई एका पालथ्या होडीला टेकून बसली. तिला पोरीच्या दुःखाचं दुःख व्हायला हवं होतं. झालंही. पण त्याच्या आधी जे वर आलं ते दुसरंच होतं. हेसुद्धा त्या बाईला दिलं. हसणं दिलं, गुजराती दिली, सगळं आयुष्य दिलं, निदान एवढं तरी आईकडे आणायचं. आपल्या पोटच्या पोरीचं पोट रिकामं झालं आणि डोकं टेकायला तिने दुसरीचा खांदा घेतला. तापीबाईला स्वतःचीच लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून ते जाईना.

मयूरी आली तेव्हा उन्हं कलली होती. ती धावत आली असावी, तिला दम लागला होता. थोडी लांबच उभी राहिली.

"मम्मी म्हणाल्या, त्यांच्या तोंडून चुकून निघालं," ती म्हणाली. "म्हणाल्या, चूक त्यांची आहे, तुला काही बोलू नको."

तापीबाईने मान वर केली. म्हणजे त्या बाईने तुपाची गोष्ट सांगितलीच नव्हती. सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. एवढं चांगलं तरी कशाला असावं माणसाने, असं तापीबाईच्या मनात आलं. क्षणभर तिला वाटलं, राहू द्यावं तसंच. मग ते तिलाच सहन झालं नाही.

"त्यासनी चूक नही," ती म्हणाली. "तूपनी गोष्ट मीच काढी. तुमच्यात बिघाड व्हावा म्हणूनच काढी."

तापीबाईला वाटलं, आता ही निघून जाईल. पण मयूरी वाळूत बसली, आईपासून हातभर अंतरावर.

"का?" तिने विचारलं.

तापीबाईने उलट विचारलं, "माले का नही सांगं?"

"कारण तू रडली असतीस," मयूरी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, फार दिवस मनात ठेवलेलं बोलावं तसा. "तू रडली असतीस, देव देव केलं असतंस, छाती बडवली असतीस. आणि मग मला तुलाच सावरावं लागलं असतं. तेव्हा माझ्यात तेवढं बळ नव्हतं, माय."

तापीबाईच्या डोळ्यांत तेव्हाच पाणी आलं होतं. तिने पदराचा बोळा करून मुठीत धरला.

"आता सांग," ती म्हणाली. "मी रडसू नही."

मयूरी सांगायला लागली. सकाळी कपडे वाळत घालताना कसं दुखायला लागलं. गाडीत सासऱ्यांनी सगळा रस्ता एक शब्द न बोलता कशी गाडी चालवली, आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून ते कसे लहान मुलासारखे रडले. डॉक्टरीणबाई काय म्हणाली. शेजारच्या खाटेवर एका बाईचं बाळ होतं, ते रडलं की कसं व्हायचं. तापीबाई ऐकत राहिली. दोन-तीनदा तिच्या तोंडून अरे देवा निघणार होतं, ते तिने गिळलं. ती नुसती मान हलवत होती. आयुष्यात तिने इतका वेळ गप्प राहून कुणाचं ऐकलं नव्हतं, पोरीचं तर नाहीच.

सांगता सांगता मयूरीच रडायला लागली. आणि रडताना तिची बोली परत आली.

"पहिला फोन मी तुलेच लावेल व्हता, माय," ती म्हणाली.

तापीबाईला कळेना. तसा कुठलाच फोन तिला आठवत नव्हता.

मयूरीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून. मम्मी खाली औषधं आणायला गेल्या होत्या तेव्हा. तू उचललास आणि मला बोलूच दिलं नाहीस. काकांच्या रोशनीचं ओटीभरण होतं, तू तिथून नुकतीच आली होतीस. कोण कोण आलं, तिला हिरवी साडी कशी दिसत होती, सगळं सांगितलंस. आणि मग म्हणालीस, तुन्हं कधी?

"मग?" तापीबाईने विचारलं.

"मग मी म्हटलं, मम्मींना ताप आहे, मी राखीला येत नाही. आणि ठेवला."

तापीबाईला रोशनीचं ओटीभरण आठवत होतं. साडीचा रंगही आठवत होता. त्या फोनमधला फक्त विहिणीचा ताप आठवत होता, लेकीचा आवाज नाही. तीन दिवस, नव्हे कितीतरी वर्षं, तिला हेच हवं होतं, की आपला नंबर पहिला असावा. तो पहिलाच होता. लेकीने पहिला फोन तिलाच केला होता, आणि तिने तो घेतलाही होता.

तिने हात पुढे करून लेकीचा हात धरला. रडणार नाही म्हणून सांगितलं होतं, तर रडलीही नाही. मयूरीने हात काढून घेतला नाही. दोघी उठल्या तोवर पाणी चांगलंच जवळ आलं होतं.

त्या परतल्या तेव्हा फुलवंताबाईंनी खिचडी-कढी करून ठेवली होती. पुरुषांना काही सांगितलं नसावं. चुनीलालभाई जेवताना पाणी कुठे कुठे शोधलं त्याची मोठी हकिकत सांगत होते. तापीबाईला विहिणीशी काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची होती, पोरीचं केलंत म्हणून हात जोडायचे होते. पण सकाळी ओट्याजवळ दोघीच असताना एवढंच विचारता आलं की त्या महिन्यात तुम्ही मयूरीला खायला काय काय दिलंत. फुलवंताबाईंनी सगळं सांगितलं, डिंकाचे लाडू, बाजरीच्या पिठाची पातळ राब, सुंठ घातलेलं दूध. तापीबाईने ऐकून घेतलं. राबेत ओवा घातला होता का, तिने विचारलं. नाही, फुलवंताबाई म्हणाल्या, ओव्याचं मला सुचलं नाही. घालावा, तापीबाई म्हणाली. फुलवंताबाईंनी मान हलवली. त्यांना बहुतेक सगळं समजलं होतं.

परतीच्या वाटेवर नवापूर आधी येतं. फुलवंताबाईंना, हेमकांतला आणि मयूरीला घरी सोडून चुनीलालभाई तापीबाईला पुढे प्रकाशाला पोहोचवणार होते. घरासमोर गाडी थांबली. सामान उतरलं. मयूरी जागची उठली नाही.

"मी मायबरोबर जाते," ती म्हणाली. "आठ दिवस राहून येईन."

तिने हे कुणालाच आधी सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. हेमकांत बरं म्हणाला. फुलवंताबाई पायरीखाली उभ्या होत्या, हातात रिकामा डबा. जा ना, त्या म्हणाल्या, जायलाच पाहिजे. मग जरा थांबून, "आठ दिवस म्हणजे, रविवारपर्यंत?"

"बघू मम्मी. सोमवार होईल."

"बरं, बरं," फुलवंताबाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

खिडकीतून तापीबाईने त्यांचा चेहरा पाहिला. तो तिने लगेच ओळखला. असा चेहरा आतून कसा लागतो ते तिला माहीत होतं. तिला त्या बाईची कीव आली, खरंच आली. आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं, आणि गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत वाटत राहिलं.

प्रकाशाला पोहोचल्यावर मयूरीने केळीच्या ढिगाजवळ बसलेल्या वडिलांना हाक मारली, हातपाय धुतले, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा पोटभर खाल्ला आणि आईच्या खाटेवर आडवी झाली ती सकाळी उशिरापर्यंत उठली नाही. तिचा फोन चुलीजवळच्या फळीवर होता. आठाच्या सुमारास तो वाजला. पडद्यावर मम्मी असं लिहिलेलं होतं, एवढं तापीबाईला वाचता येत होतं.

तिने फोन घेतला आणि अंगणात आली. फुलवंताबाईंनी विचारलं, नीट पोहोचलात का, पोरीला झोप लागली का, खाल्लं का काही. तापीबाईने सांगितलं, दीड भाकर खाल्ली. झोपली आहे अजून. रात्रीतून एकदा जागी झाली होती, तेव्हा मी जवळ बसले होते, बोलले काही नाही. बरं केलंत, फुलवंताबाई म्हणाल्या.

"उठली की लावायला सांगते," तापीबाई म्हणाली.

आणि तिने सांगितलं. मयूरी उठली, तिने तोंड धुतलं, चहा झाला, दुसरा कप झाला, आईच्या शेजारी बसून तिने केस विंचरले, रोशनीच्या मुलाबद्दल स्वतःहून विचारलं. त्यानंतर तापीबाईने सांगितलं की तुझ्या मम्मींचा फोन येऊन गेला.